काळी चारचा म्हातारा

जिनू,

तुला पोचवून आम्ही परत आलो तेव्हा तुझ्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर एक चौकोन दिसला. बाकी टेबलावर धूळ होती, चौकोनात नव्हती. सतरंजीवर निपाणीचे व्यापारी बसले होते, चिकोडीकडचे पाहुणे बसले होते, निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत चाललं होतं, आणि मी त्या चौकोनाकडं बघत होतो. तिथं तुझं रेकॉर्ड वाजवायचं मशीन असायचं. तीस वर्षांत ते मी तिथून हललेलं पाहिलं नव्हतं.

तू जायच्या अकरा दिवस आधी त्याच मशीनवरून आपलं बिनसलं होतं. म्हणजे मी तुला एक गोष्ट सांगितली होती आणि तू गप्प झाला होतास. त्यामुळं मोकळा चौकोन बघून माझ्या मनात एकच आलं, की माझ्यामुळं तू ते टाकून दिलंस. मयताच्या घरी 'मशीन कुठाय' असं विचारता येत नाही. तुझा शीतल दोनदा माझ्याजवळ येऊन 'काका, पाणी घ्या' म्हणून गेला. मी दोन्ही वेळा पाणी घेतलं आणि विचारलं नाही. तसाच बसनं बेळगावला परत आलो.

तुला लिहायची मला सवय नाही. आपण पत्रं लिहिणारी माणसं नव्हतो, बस धरणारी होतो. आता बस धरून उपयोग नाही म्हणून हे कागद घेऊन बसलोय. भूगोलाचा मास्तर असल्यामुळं अक्षर चांगलं आहे, तेवढं तरी मान्य कर.

लोकांना आपली जोडी कधी कळली नाही. तू निपाणीचा तंबाखूवाला, जैनाच्या घरचा, कांदासुद्धा न खाणारा. मी खानापूरकडच्या खेड्यातला, भात आणि मासळीवर वाढलेला. आपली गाठ पडली ती शहापुरातल्या गुरुजींच्या क्लासात. तू गायला यायचास, मी पेटी धरायचो. दोघांचंही गाणं पुढं गेलं नाही. तुला घरच्यांनी वखारीत बसवलं, मला शाळेत नोकरी लागली. पण गुरुजींनी कानाला जी खोड लावली ती लागलीच. आपल्याला सुखानं काही ऐकता येईना. कुठं सनई वाजली तरी तू पट्टी कुठली ते आधी बघायचास आणि मग लग्न कुणाचं ते विचारायचास.

ते खोकं आठवतं तुला? कॅम्पातल्या बंगल्यात एक रिटायर्ड मिलिटरी ऑफिसर सामान आवरून निघाला होता. आपण गेलो होतो तुझ्यासाठी लाकडी कपाट बघायला. कपाट राहिलं आणि आपण एका खोक्यातून तीन तबकड्या घेऊन आलो. तिन्ही विलायती, तिन्हींवर एकच सिम्फनी, चार भागांची, फक्त वाजवून घेणारे तीन वेगळे. आपण दोघांनी तोवर सिम्फनी नावाचा प्रकार धड ऐकलाही नव्हता. "एकच चीज तीनदा कशाला घेतली असंल ह्यानं?" असं तू बसस्टँडवर विचारलंस. मी म्हटलं, ऐकून बघू. त्या 'ऐकून बघू'त आपली उरलेली उमर गेली.

नावं होती तबकड्यांवर, पण ती जर्मन नावं आपल्या तोंडात बसेनात. मग तू निपाणीची भाषा काढलीस. ज्यानं ते संगीत लिहिलं तो मालक. आणि ज्याच्या हातात काठी असते तो दिवाणजी. तुझ्या बायकोनं, सुमतीवहिनींनी, एकदा विचारलं होतं, हा माणूस स्वतः वाजवत नाही तर उभा राहून करतो काय. तेव्हा तू जे सांगितलंस ते मी नंतर कितीतरी लोकांना माझं म्हणून ऐकवलं. "वखारीत दिवाणजी काय करतोय? एक पान उचलत न्हाय. मालकानं लिहून ठिवलेलं आस्तंय, कामाला पन्नास माणसं आस्त्यात. पण दिवाणजी बदलला की तंबाखूचा वास बदलतोय." वहिनींना पटलं. मलाही तेव्हाच खरं समजलं.

तीन दिवाणजींना तीन नावं पडली. एक मास्तर, कारण तो पट्टी घेऊन उभा असल्यासारखा, एक मात्रा इकडची तिकडं होऊ देत नाही. एक घोडेस्वार. आणि तिसरी तबकडी सगळ्यात जुनी, तिच्यातली मैफल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची असावी, सगळ्यात जास्त खरखरणारी. तिच्यातला तो म्हातारा. हे म्हातारं तू उचललंस आणि निपाणीला नेलंस. मास्तर आणि घोडेस्वार माझ्याकडं बेळगावात राहिले. पहिल्याच फेरीत बसच्या खिडकीशी ऊन लागून मास्तर कडेला थोडा वाकला, आणि तेव्हा आपण नियम केला, की तबकडी प्रवास करणार नाही, माणूस करील. मला घोडेस्वाराबद्दल भांडायचं असलं तर तू बेळगावला यायचास. तुला म्हाताऱ्याचं काही दाखवायचं असलं तर मी निपाणीला. बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत मी मनात सगळे मुद्दे लावून ठेवायचो.

हा नियम आपण किती शहाणपणानं केला असं तेव्हा वाटलं होतं. आपल्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तो नियमच होता.

भांडण कायम दुसऱ्या भागाचं. तो चालत जाणारा भाग. आधी खालच्या आवाजाच्या मोठ्या व्हायोलिनी एकट्याच पाय टाकत निघतात, मग वरच्या येऊन मिळतात, मग सगळेच. घोडेस्वार तो भाग सरळ चालवतो, कुठं रेंगाळत नाही, आणि मला तेच आवडायचं. मी म्हणायचो, दुःख आहे म्हणून काय रस्त्यात बसायचं? तू म्हणायचास, रस्त्यात बसू नको पण धावू पण नको. तुझा म्हातारा पाऊल टाकायचा आणि ते जमिनीला लागल्याशिवाय दुसरं उचलायचा नाही. तू डोळे मिटून हात खाली दाबत कानडीत म्हणायचास, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. हे मी तुला एकदा सांगितलं तर तू इतका खूश झालास, की वहिनींना हाक मारून मला परत सांगायला लावलंस.

मग एक जागा येते. चाल चालत असते, आणि आता दुसरी चाल लागणार, गोड, उजेडातली. तिच्या आधी श्वास घ्यायची जागा आहे. मास्तर घेतो न घेतल्यासारखा. घोडेस्वार तर घेतच नाही. म्हातारा मात्र थांबतो. सगळं थिएटर थांबतं. आणि बरोबर त्या थांब्यात, समोर बसलेल्या लोकांतला कुणीतरी एक खोकतो. जाड, खोल, छातीतून आलेला खोकला. तू पहिल्यांदा ऐकलास तेव्हाच म्हणालास, हा आपल्यातला, तंबाखूवाला असणार. नंतर तो खोकला यायच्या आधी तू बोट वर करायचास आणि खोकला आला की मान डोलवायचास, समेवर डोलवावी तशी.

आणि जेवण. तुझ्या घरी दिवस मावळायच्या आत पानं मांडली जायची, त्यामुळं तिसरा भाग कायम घाईत आणि चौथा जेवल्यावर. जेवल्यावर माझी बस. तीस वर्षांत तुझ्या घरी मी म्हाताऱ्याचा चौथा भाग पुरता ऐकला असेल फार तर सात-आठ वेळा. शेवट बघायची आपल्याला कधी ओढच नव्हती. आता तेही बोचतं.

आपली निळी वही माझ्याकडं आहे. त्यात तीन रकाने, तीन दिवाणजी. कुठं कोण थांबला, कुणी आवाज कुठं चढवला, आणि गुरुजींची खोड म्हणून प्रत्येकाची पट्टी. मास्तर: पांढरी सहा. घोडेस्वार: पांढरी सहा. म्हातारा: काळी चार. हे तुझ्या अक्षरात आहे. तुझ्या पेटीवर लावून बघितलं होतंस, आणि तुझी-माझी पेटी मिरजेच्या एकाच कारागिराकडून जुळवून आणलेली, त्यामुळं शंका घ्यायचं कारण नव्हतं. म्हातारा अर्धा सूर खाली वाजवतो, यात आपल्याला काहीच नवल वाटलं नाही. आपले गवई उतारवयात पट्टी खाली घेतात. गुरुजींनी घेतली होती. तू वहीत काळी चारपुढं लिहिलंयस, 'वय झालं. आवाज जपतोय. बरोबर आहे.'

पन्नास माणसं वाजवतायत, त्यांचा आवाज कसला जपायचा, हे तुला सुचलं नाही आणि मलाही नाही. दोघेही एकाच क्लासातले गाढव.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पुण्याहून आली असताना तिनं माझ्या फोनमध्ये गाणी ऐकायचं काहीतरी घालून दिलं. जगातलं सगळं आहे त्यात, म्हणाली. मी वहीतून म्हाताऱ्याच्या नावाची अक्षरं एकेक करून टाकली. आला की तो. मला इतका आनंद झाला, म्हटलं जिनूला आता फोनवर म्हातारा ऐकवायचा आणि नियम मोडल्याबद्दल शिव्या खायच्या. दुसरा भाग लावला. खालच्या व्हायोलिनी निघाल्या आणि मी पेटीवर बोट ठेवलं. पांढरी सहा. चालही वेगळी, हळू होती पण तुझ्या घरच्याइतकी नाही. मी म्हटलं, ही त्याची दुसरी कुठली तरी मैफल असणार. ऐकत राहिलो. थांबा आला. आणि त्या थांब्यात तो माणूस खोकला.

तोच खोकला, जिनू. त्याच जागी, तितक्याच वेळा. पण खोकणारा तरुण होता.

मी ते चार वेळा लावलं. मग थोडं वाचलं, थोडं विचारलं. त्यांच्यात पट्टी मालकानं लिहून दिलेली असते, कुठल्याही दिवाणजीला ती सरकवायची मुभा नाही. मग मला तुझ्या मशीनचा तबकडी फिरवणारा पट्टा आठवला. मूळचा तुटला तेव्हा तू मोटार दुरुस्तीवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा कापून घातला होतास आणि बेळगावच्या पट्ट्यापेक्षा हा टिकतोय बघ म्हणून मला चिडवलं होतंस. टिकला, खरंच टिकला. पण ढिला होता. त्यावर एकटा म्हाताराच वाजायचा म्हणून कळलं नाही, पण तबकडी सावकाश फिरत होती. सावकाश फिरली की चाल हळू होते आणि सूर खाली येतो. तुझा म्हातारा म्हणजे सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा होता.

मी दोन वर्षं ते पोटात ठेवलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, जिंकायचा मुद्दा हातात आल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसत नाही. पण हा मुद्दा मी गिळला. कारण आधीच्या पाच-सहा वर्षांत मी तुला बदलताना पाहिलं होतं. छातीचं दुखणं झालं, वखार शीतलकडं गेली, आणि जो माणूस जेवतानासुद्धा चपला घालून बसल्यासारखा बसायचा तो अंगणात एकेक पाऊल मोजत चालायला लागला. मी विचारलं तर म्हणालास, म्हाताऱ्याकडनं शिकलो. मी काय सांगणार होतो? पट्टा बदल म्हणून?

आणि मग मी सांगितलंच.

त्या रविवारी मी आलो तेव्हा तू खुशीत होतास. म्हातारा लावलास, दुसरा भाग झाला, आणि नेहमीसारखी माझ्या घोडेस्वाराची टिंगल सुरू झाली. कोगनोळीच्या नाक्यावरनं सुटलेला ट्रक, असं म्हणालास. मी हसलो. मग मी काहीतरी म्हटलं, की थांबण्याचं तू फार कौतुक करतोस. त्यावर तू म्हणालास, आणि मला माहीत आहे तू चेष्टेतच सुरुवात केली होतीस, "तुला थांबायचंच म्हाईत न्हाय रं, बाळू. वैनी गेल्या तर चौथ्या दिवशी शाळंत गेलतास."

ते खरं होतं. माझी बायको गेली तेव्हा मी गेलो होतो. घरात बसवत नव्हतं म्हणून गेलो होतो आणि सातवीच्या वर्गात नद्या शिकवल्या होत्या. तुला ते आवडलं नव्हतं हे मला माहीत होतं, पण बारा वर्षांत तू ते कधी तोंडावाटे काढलं नव्हतंस. माझ्या कानशिलात गरम झालं. मी म्हटलं, "तुझा म्हातारा हळू न्हाय, जिनू. तुझं मशीन हळू हाय."

मग मी फोन काढला आणि लावून दाखवला. खोकल्यापर्यंत. मला तुझा चेहरा बघायला नको होता म्हणून मी फोनकडंच बघत होतो.

"पट्टा?" तू विचारलंस.

"पट्टा," मी म्हटलं.

तू तबकडी उचललीस, फडक्यानं पुसलीस, पाकिटात घातलीस. नंतर म्हणालास, "जेवून घे, दिस बुडंल." आपण जेवलो. वहिनींनी आमटी दुसऱ्यांदा वाढली आणि कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तू मला दरवेळी स्टँडपर्यंत सोडायला यायचास, त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणालास आणि शीतलनं मला गाडीवरनं सोडलं. नंतर मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. मी म्हटलं, एक पंधरवडा जाऊ दे, मग जातो. अकराव्या दिवशी सकाळी शीतलचा फोन आला.

तुझ्यावर रागवायचा मला आता अधिकार नाही आणि माझ्यावर रागवायला तू नाहीस. हे कुठं न्यायचं, सांग. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला दिवस फार मोठा असतो. मी घोडेस्वार लावतो आणि तो पहिल्या पन्नास पावलांतच मला नकोसा होतो. मास्तर लावतो, तोही. फोनमधला म्हातारा लावायची हिंमत नाही.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि टेबलावर मशीन. पुसून लख्ख केलेलं, नवी सुई, नवी वायर. मी तिथंच उभा राहिलो. शीतल म्हणाला, कोल्हापुरात एक जुनी मशीनं दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडं दिलं होतं, आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तयार आहे म्हणून. त्याला वाटलं मला आनंद होईल. मी विचारलं, तू दिलंस? तर म्हणाला, "न्हाय काका. आप्पांनीच दिलतं. म्हणालते पट्टा बदलून आन, येगळा न्हाय, कंपनीचाच घाल."

म्हणजे तू टाकलं नव्हतंस. माझं म्हणणं खरं मानून, स्वतः सांगून, तू तो पट्टा काढवलास. आणि नव्या पट्ट्यावर ऐकायला तू नव्हतास. तीस वर्षांत तू माझा एकही मुद्दा मान्य केला नव्हतास. हाच करायचा होता?

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, मी गेल्यावर तो काही बोलला का. मग म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर चार दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. सकाळी अंघोळ झाली की लावायचे, जेवले की लावायचे, तेवढाच भाग, परत परत. "म्या म्हनलं, पुरं करा की आता. तर म्हनत्यात, पट्टा बदलायच्या आदी पोटभर ऐकून घेतो." पाचव्या दिवशी शीतलच्या गाडीत मशीन ठेवलं, म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत दारात उभे होते.

मला रडू आलं. शीतल समोर होता तरी आलं.

थोड्या वेळानं वहिनींनीच म्हटलं, लावा की भावजी, तुम्हाला लावता येतं, आम्हाला हात लावायची भीती वाटते. मी लावलं. खालच्या व्हायोलिनी निघाल्या. पांढरी सहा. खरखरही कमी, सगळं स्वच्छ. शीतल मान हलवत होता, चांगलं वाजतंय म्हणून. वहिनींनी दहा-बारा पावलं ऐकली असतील. त्या गाण्यातल्या नाहीत, त्यांनी तीस वर्षं हे भाकरी थापताना भिंतीपलीकडून ऐकलेलं.

"ह्ये ह्येंचं न्हवं," त्या म्हणाल्या.

शीतल त्यांना समजवायला लागला, की आई, आता बरोबर झालंय, आधी चूक होतं. त्याचं काय चुकलं? तो खरं तेच सांगत होता. वहिनी त्याच्याकडं बघून नुसती मान हलवत राहिल्या. मी शीतलला विचारलं, जुना पट्टा कुठाय. त्यानं कोल्हापूरला फोन लावला. त्या माणसानं सांगितलं, असला ट्यूबचा तुकडा कोण ठेवतंय, कचऱ्यात गेला.

मग मी एक वेडेपणा केला. तू असतास तर माझ्या हातावर मारलं असतंस. सुई परत दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ठेवली आणि उजव्या हाताचं मधलं बोट तबकडीच्या कडेला लावलं, हलकं. चाल थोडी खाली आली. मग जास्त दाबलं गेलं आणि सगळ्या व्हायोलिनी एकदम गळल्या, बैल बसतो तशा. घाबरून बोट उचललं तर परत पांढरी सहा. परत लावलं. चाल वरखाली होत होती, आणि मी पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस तुझ्या बायकोमुलासमोर तबकडी दाबत बसलो होतो.

"निधान, भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी श्वास सोडला. बोट सैल केलं. आणि काही पावलांपुरतं, मोजून काही पावलांपुरतं, ते जमलं. काळी चार. पाऊल टाकलं जात होतं आणि ते जमिनीला लागल्याशिवाय दुसरं उचललं जात नव्हतं.

जिनू, मी तुला त्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं. रागात होतो म्हणून उरलेलं मुद्दाम ठेवून घेतलं. चाल पट्ट्याची होती, सूर पट्ट्याचा होता, हे खरं. पण फोनवर मी चार वेळा ऐकलं तेव्हा थांबासुद्धा ऐकला होता. तुझ्याही कानावरून तो गेला, पण मी बोट ठेवून दाखवला नाही. पट्टा बरोबर असला तरी म्हातारा तिथं थांबतोच. मास्तर थांबत नाही, घोडेस्वार थांबत नाही, तो थांबतो. पट्ट्याला चाल हळू करता येते, दोन चालींच्या मध्ये तसं थांबता येत नाही. तू ज्याला म्हातारा म्हणायचास तो तिथं होता. तुझं ऐकणं चुकलं नव्हतं. हे मला दोन वर्षं ठाऊक होतं, आणि तुझ्याकडं चार दिवस होते, आणि माझ्या खिशात फोन होता.

त्या चार दिवसांत तुला ते आपोआप कळलं असेल का, हे मी वहिनींना विचारू शकत नाही. त्यांना काय विचारणार?

थांबा आला. मी बोट तसंच ठेवलं. खोकला आला, जाड, खोल, छातीतून, आणि वहिनींनी पदर तोंडाला लावला. "आला बगा," एवढंच म्हणाल्या.

माझं बोट दुखायला लागलं होतं. उचललं की तो तरुण होणार होता.

मी ते उचललं नाही. पाटीवर लिहून दाखवावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हटलं, थांबणं पट्ट्याचं नव्हतं. शीतलनं विचारलं, काय म्हणालात काका? मी म्हटलं, तुला नाही.